म्हात्रेबाईंची मोजणी

म्हात्रेबाई माणसं चपलांवरून मोजत. गोराईच्या खाडीपलीकडे त्यांची नारळा-चिकूची वाडी होती. राहत्या घराला जोडून तीन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांत शनिवार-रविवारचे पाहुणे मुक्कामाला येत. घरात पायात काही घालून यायची सोय नव्हती. पडवीत कडाप्प्याची लांब फळी होती, तिच्यावर खडूने तीन भाग पाडलेले होते, एकेका खोलीचा एकेक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती फळी सरळ दिसे. घावण उलटता उलटता बाई एक नजर टाकत आणि सांगत, “दोन नंबरवाले बाहेर पडले. तीन नंबरची बायको आहे, नवरा नाही.” हे कधी चुकत नसे. एकदाच चुकलं, आणि त्या एकदामध्ये मी होते.

मी मुलुंडची. अंधेरीच्या एका विमा कंपनीत नोकरी. ऑफिसातल्या तीन मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा त्या वाडीत गेले तेव्हा दुपारचे दीड वाजले होते, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि स्वयंपाकघरातून सोलकढीचा वास येत होता. आम्ही पानावर बसलो. बाई वाढायला आल्याच नाहीत. ठेंगणा बांधा, मॅक्सीवर खांद्याला टॉवेल, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा आणि मनगटात पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “चार माणसं, सात चपला.”

“कुत्र्याने नेली असेल हो बाई,” आमची कविता म्हणाली. “आधी वाढा ना, मग शोधू.”

“हजेरी पुरी झाल्याशिवाय कँटीन उघडत नाही.”

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. पण बाई हलेनात. शेवटी आम्ही चौघी भर उन्हात चिकूच्या बुंध्यांमधून एक चप्पल शोधत फिरलो. ती कुत्र्यानेच नेली होती. फळीवर आठ चपला लागल्या तेव्हा भात वाढला गेला. मी मनात त्यांना शिव्या घातल्या आणि पुढल्या महिन्यात परत गेले. त्यांच्या हातच्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यापुढे माझा मानीपणा टिकत नाही.

हजेरी, कँटीन, शिफ्ट हे शब्द त्यांच्या बोलण्यात कुठून आले ते नंतर कळलं. माहेर कुडाळचं. लग्न होऊन गोराईत आल्या, आणि लग्नानंतर कांदिवलीच्या एका फॅक्टरीत टाइम ऑफिसला लागल्या. कोण आलं, कोण गेलं, कोण आत आहे, याचं रजिस्टर त्यांच्याकडे. पुढे फॅक्टरी बंद पडली, नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि बाईंनी वाडीत पाहुणे ठेवायला सुरुवात केली.

फॅक्टरीतली एक गोष्ट त्या सांगत नसत, डॉमनिक सांगे. डॉमनिक म्हणजे शेजारचा होडीवाला. त्याने काही वर्षं त्याच फॅक्टरीत काढली होती. एका दुपारी शेडमध्ये धूर झाला. सगळे अंगणात आले. मॅनेजर म्हणाला, सगळे बाहेर आहेत, गेट बंद करा. बाई रजिस्टर घेऊन स्टुलावर चढल्या, एकेक नाव पुकारलं आणि म्हणाल्या, एक कमी आहे. मॅनेजर अंगावर ओरडला. बाई त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या. माळ्यावर पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यामागे डबल शिफ्ट केलेला एक कामगार झोपला होता. त्याला खेचून बाहेर आणला आणि मग माळा खाली आला.

“एक कमी म्हणजे किती?” मी एकदा बाईंना चिडवत विचारलं.

“एक कमी म्हणजे एक माणूस कमी,” त्या म्हणाल्या, आणि वाटाणे निवडत राहिल्या.

वाडीच्या फाटकावर त्यांच्या पुतण्याने पाटी रंगवली होती: ‘ऐतिहासिक स्थळांजवळ शेतघरात मुक्काम व नाश्ता.’ लोक त्या पाटीला भुलूनच येत. सकाळी घावणे-चटणी खाऊन कुणी मंडपेश्वरची लेणी बघायला जाई, कुणी कान्हेरीला, कुणी खाडीकाठचे जुने चर्च बघत हिंडे. बाईंनी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. “आमच्या कुडाळात पावलापावलाला दगड. तिथे कुणी फुकट बघत नाही, आणि इथे लोक सुट्टी टाकून येतात,” असं त्या पाहुण्यांच्या तोंडावर म्हणत. एका प्राध्यापकांनी त्यांना तासभर कान्हेरीचा इतिहास सांगितला. बाईंनी सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, “एवढी माणसं डोंगरात राहायची, तर पाण्याचं काय?” प्राध्यापकांनी कातळात खोदलेल्या टाक्यांबद्दल सांगितलं. तेव्हा कुठे बाईंनी मान हलवली. “म्हणजे माणसं शहाणी होती.”

त्यांना पाण्याची भीती वाटे. पोहता येत नसे. नाइलाजाने खाडी ओलांडायची वेळ आली की, अगदी फॅक्टरीत जायच्या दिवसांतही, बोटीत मधोमध बसून डोळे मिटून घेत. पण भरती-ओहोटीच्या वेळा त्यांना तोंडपाठ. नाश्त्याला बसलेल्या प्रत्येकाला दिवसाचं पाणी सांगितल्याशिवाय त्या चहा देत नसत.

माझे वडील, अप्पा, आयुष्यभर मुलुंडच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढत होते. निवृत्तीनंतर त्यांनी किल्ले, बुरूज, पायऱ्या, कमानी काढायला घेतल्या. आई गेल्यावर तर त्यांचं दुसरं काही उरलंच नाही. गुडघे कुरकुरत, तरी वही-पेन्सिल घेऊन निघत. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा बाईंच्या वाडीत नेलं. माघातली अमावास्या होती, दिवस शनिवारचा.

वाडीच्या मागे बंद पडलेलं मिठागर आहे. त्याच्या बांधावरून दहा मिनिटं चालत गेलं की खाडीच्या तोंडाशी एक पडका बुरूज लागतो, पोर्तुगीजांच्या वेळचा म्हणतात. त्याच्या पायथ्याला एका कोनाड्यात शेंदूर फासलेला दगड आहे. त्याला गावातले सगळे बापदेव म्हणतात. डॉमनिकसुद्धा रविवारी चर्चमधून येताना तिथे नारळ ठेवतो. अप्पांनी नाश्त्याला बसल्या बसल्या त्या बुरुजाची चौकशी केली.

“जा की,” बाई म्हणाल्या. “पण बापदेवाकडे पायात घालून कुणी जात नाही. अनवाणी जायचं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि आज अमावास्या. उधाण आहे. अकरानंतर बांधावर कुणी थांबायचं नाही, साडेबाराला पाणी वर येतं.”

अप्पांनी दोन्ही गोष्टींना मान डोलावली. मी खोलीत जाऊन आडवी झाले. आठवडाभर ऑफिसात वर्षअखेरीची मारामारी चालली होती, डोळे उघडे राहत नव्हते.

जाग आली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. अप्पा खोलीत नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले.

“बाई, अप्पा कुठे?”

बाईंनी खिडकीतून पाहिलं. “आहेत इथेच. चपला आहेत ना.”

खरंच होत्या. अप्पांच्या तपकिरी सँडल, एकाला एक लावून ठेवलेल्या. मी न्हाणीघराकडे गेले, मग विहिरीकडे. परत आले.

“नाहीत हो.”

“चिकूत असतील. सावलीत बसले असतील चित्र काढत. चपला आहेत म्हणजे फाटकाबाहेर नाहीत.” त्या इतक्या खात्रीने म्हणाल्या की मीही चिकूच्या झाडांतून हाका मारत हिंडले. तिथून नारळीत. पंपाच्या खोलीमागे. कुत्रा माझ्यामागून शेपूट हलवत येत होता, त्याला मी उगाच लाथ मारली. तिसऱ्यांदा पडवीत आले तेव्हा माझा आवाज चढला होता.

“बाई, ते वाडीत नाहीत!”

“नीला, असं कसं होईल? मी सकाळपासून...” बाई फळीकडे बोट दाखवत होत्या. बोट तसंच राहिलं. मग त्यांनी तोच हात कपाळावर मारून घेतला. “देवा रे. मियाच सांगलंय त्यांका. अनवाणी जावा म्हणान मियाच सांगलंय.”

अप्पा आज्ञाधारक माणूस. अनवाणी जायचं म्हणजे त्यांच्या मते घरातूनच अनवाणी जायचं. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

बाई एरवी मुंबईची मराठी बोलत. भीती किंवा राग आला की थेट कुडाळ गाठत. “धाव! डॉमनिकाक सांग होडी काढ. बुरुजाकडे, खाडीतसून. धाव गो!” आणि स्वतः चिकू काढायची लांब काठी उचलून मॅक्सी गुडघ्यापर्यंत खोचून बांधाच्या दिशेने निघाल्या.

डॉमनिकच्या घरापर्यंत मी कशी पोचले ते आठवत नाही. तो जेवत होता, तसाच उठला. होडीचा दोर सोडताना मात्र मला एक गोष्ट लख्ख आठवली. मी झोपेत असताना अप्पा खाटेपाशी आले होते. “नीले, मी बुरुजाकडे जाऊन येतो गं,” म्हणाले होते. आणि मी कूस बदलून म्हटलं होतं, “हं, जा.”

हे मी डॉमनिकला सांगितलं नाही. सांगून होडी लवकर पोचणार नव्हती, असं मी स्वतःला समजावलं.

खाडीच्या वळणावरून बुरूज दिसला. बांध नव्हताच. जिथे बांध असायला हवा तिथे मातकट पाणी होतं आणि त्या पाण्यात कमरेपर्यंत म्हात्रेबाई उभ्या होत्या, काठी चिखलात रोवून दोन्ही हातांनी धरलेली. त्यांच्या पुढे पंधरा-वीस पावलांवर मिठागराची पाणी सोडायची जुनी मोरी फुटलेली आहे. तिथे भरतीचं पाणी घुसतं तेव्हा म्हशीलासुद्धा ओढून नेतं. मोरीपलीकडे बुरुजाच्या तुटक्या पायऱ्यांवर अप्पा उभे होते, वही छातीशी धरून. आम्हाला इंजिनाच्या आवाजातून बाईंचं ओरडणं ऐकू आलं.

“आणि चुन्यात काय घालीत?”

“गूळ!” अप्पा ओरडले. “गूळ आणि बेलफळ! काही ठिकाणी उडदाचं पीठ!”

“कित्याक?”

“चिकटपणा येतो! थांबा, मी तिकडे येऊन सांगतो!”

“येव नको! थयसून सांग! उडीद किती घालीत?”

मला आधी काही कळेना. डॉमनिकला कळलं. “त्याला बोलत ठेवलाय बाईने,” तो म्हणाला आणि इंजिन आणखी रेटलं.

त्या संध्याकाळी अप्पांनी सांगितलं ते असं. चित्र काढण्याच्या नादात त्यांना वेळ कळला नाही. वर पाहिलं तर बांध बुडायला लागला होता. गुडघाभरच पाणी आहे, पटकन जाऊ, म्हणून ते खाली उतरले. एक पाय पाण्यात होता तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हजेरीच्या सुरात पुकारलं, “साठे वसंत गोविंद!” शाळेत बाकावर उभा राहावा तसा मी ताठ उभा राहिलो, अप्पा म्हणाले. मग बाईंनी त्यांना वर पाठवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. दगड कुठून आणला, कमान पडत का नाही, खिडक्या अरुंद का. ज्या बाईने जन्मात एका दगडाची चौकशी केली नव्हती तिने अर्धा तास पाण्यात उभं राहून पोर्तुगीज बांधकामाचा सगळा अभ्यासक्रम विचारून घेतला. अप्पा सांगण्यात रमले म्हणून उतरले नाहीत. दोनदा त्यांनी येतो म्हटलं आणि दोनदा बाईंनी पुढचा प्रश्न टाकला. पाणी बाईंच्या गुडघ्यावरून मांडीवर आणि मांडीवरून कमरेला आलं होतं, आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

आम्ही होडी लावली तेव्हा बाई म्हणाल्या, “आधी त्यांका.” अप्पांना घेऊन बाईंपाशी आलो तर त्यांची बोटं काठीवरून सुटेनात. डॉमनिकने एकेक बोट उघडलं. मी होडीच्या पुढच्या टोकाला बसले होते, लांबून वाडीचा काठ बघत. मागे होडीत चढताना भिजलेले अप्पा आणि ओलेचिंब बाई एकमेकांशेजारी बसले होते आणि अप्पा त्यांना काहीतरी सांगत होते. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मला वाटलं, अजून चुना आणि गूळच चाललं असेल.

अप्पांना कोरडे कपडे घालून, पेज पाजून झोपवलं आणि मी पडवीत आले. बाई पायरीवर बसल्या होत्या. कपडे बदललेले नव्हते. मॅक्सीतून पाणी गळत होतं. त्यांचे पाय धरायला हवे होते मी. मी काय केलं ते लिहिताना आजही माझं मलाच ओंगळ वाटतं.

“तुमच्या त्या चपलांपायी माझे वडील गेले असते,” मी म्हटलं. “पंचवीस मिनिटं तुम्ही मला वाडीत फिरवलंत. आहेत, आहेत, आहेत! माणसं सांभाळता येत नाहीत तर ठेवता कशाला?”

बाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता तोंड सोडतील. त्यांच्या तोंडाला गावात सगळे घाबरत. पण त्या म्हणाल्या, “खरं आहे तुझं.” तेवढंच. उठल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. आठवड्याने डॉमनिकचा फोन आला, अप्पांची तब्येत विचारायला. जाता जाता म्हणाला, “बाईने पाटी काढली. पाहुणे बंद.” मी “अरेरे” म्हटलं. बाईंना फोन करून खरं सांगायचं, असं रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी निघत होतं. घरी आल्यावर अप्पांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. बुरुजाचं चित्र त्यांनी शाईने पूर्ण केलं, पण मला सांगून निघाले होते हे एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटे, विसरले. वय झालं होतं.

आठ महिन्यांनी अप्पा गेले, घरी, सकाळचा चहा घेताना. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी मी गोराईची वाट धरली. आता कुणासमोर उघडं पडायची भीती राहिली नव्हती. खरं म्हणजे हेही लाजिरवाणंच आहे, पण तसंच होतं.

फाटकावर पाटीचे नुसते खिळे होते. बाई पडवीत भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. अप्पांचं त्यांना डॉमनिककडून कळलं होतं. मी समोर बसले आणि पाणीही न घेता सांगून टाकलं. “बाई, त्या दिवशी अप्पा मला सांगून गेले होते. मी झोपेत हं म्हटलं. होडी सोडतानाच मला आठवलं होतं. तरी मी तुम्हाला बोलले.”

बाईंनी हातातला वाल सोलून वाटीत टाकला. “माका ठावक आसा.”

“काय?”

“होडीतच बोलले ते. नीलाक सांगान इलंय म्हणाले. मियाच त्यांका म्हटलंय, आता ह्या परत काढू नको. तिच्यासमोर तर नकोच.”

म्हणजे अप्पा विसरले नव्हते. आठ महिने, रोज समोरासमोर बसून जेवताना, त्यांना माहीत होतं.

“मग मी ओरडले तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?” मला रडू आवरेना.

“तुमी दोघाच घरात. तुझी चूक म्हटली असती तर ती घेऊन तू त्यांच्यासमोर कशी वावरतलंस? ते म्हातारे, एकटे. तुझ्याशिवाय त्यांका होता कोण?” त्या पुढचा वाल उचलत म्हणाल्या. “माझी चूक हय वाडीत पडान रवली तर कोणाक अडचण?”

“पण तुमची नव्हतीच. माझी होती. मग पाहुणे का बंद केलेत?”

“तुझी तुझ्याकडे गो. माझी माझ्याकडे आसाच ना. फॅक्टरीत एवढ्या वर्षांत मी प्रत्येक माणसाक नावान हाक मारून मोजलंय. तिकडे रजिस्टर होता, तोंड होता, ‘हजर’ म्हणणारो आवाज होतो. हय येऊन मी आळशी झालंय. पंचवीस मिनिटा चपलांक विचारीत बसलंय. त्यांच्या नावान एक हाक नाय मारलंय.” त्यांनी वालाची वाटी बाजूला सारली. “बांधापर्यंत जाऊन हाक मारूची होती. ऐकू गेली असती. पाणी तवा घोट्याएवढाच होता.”

मी खूप काही म्हटलं. तुम्ही नसता तर ते वाचलेच नसते, त्यांना ते आठ महिने तुमच्यामुळे मिळाले, मला मिळाले. बाईंनी सगळं ऐकलं. प्राध्यापकांचं ऐकलं होतं तसंच. मग उठून मला भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, समोर बसून खायला लावलं, आणि बोट चुकेल म्हणून घाईही केली.

फाटकापर्यंत त्या आल्या नाहीत. मी फाटकाबाहेर पडून मागे वळले तेव्हा त्या परत पडवीत जाऊन बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. हातात वाल असावेत. पण हात चालत नव्हते, आणि पाठ हलत होती. टॉवेल तोंडाशी धरला होता.

माझं एक पाऊल आत पडलं. मग मी थांबले. रडताना कुणी पाहिलेलं बाईंना चाललं नसतं, एवढं मला त्यांच्याबद्दल कळलेलं होतं. मी आवाज न करता कडी लावली आणि जेट्टीच्या रस्त्याला लागले.